खडकीच्या वॉर सिमेट्रीत जायचंय? आधी एक नाव शोधा, मग निघा

पहिल्यांदा खडकीच्या वॉर सिमेट्रीत गेले तेव्हा मे महिना होता, दुपारचे दोन वाजलेले, पाण्याची बाटली घरी विसरलेली आणि डोक्यात एकच, की आमच्या थोरल्या पणजोबांचं नाव इथे कुठेतरी असणारच. पलटणीत होते, लढाईत गेले, आणि आपल्या पुण्यातच सैनिकांची एवढी मोठी दफनभूमी आहे तर ते दुसरीकडे कुठे असणार, असं माझं सरळ गणित. दोन तास ओळीने दगड वाचत फिरले. सगळी इंग्रजी नावं. एक शिंदे नाही, एक जाधव नाही, एक कदम नाही. बाहेर पडले तेव्हा डोकं तापलेलं होतं आणि रडूही येत होतं, वाटलं आपल्या माणसांना यांनी मोजलंच नाही.

त्यानंतर चार वर्षं जमेल तसं शोधत गेले, चुकत चुकत कळत गेलं, आणि आता वर्षातून एकदा तरी मी तिथे जातेच, लेकीला घेऊन. ओळखीतले लोक विचारत असतात की कसं जायचं, काय बघायचं, आमच्याही घरातलं कुणीतरी बसऱ्याला, म्हणजे इराकमधल्या बसरा बंदराकडे, गेलं होतं म्हणतात ते कुठे सापडेल, म्हणून सगळं एकदाच नीट लिहून काढतेय. लांबलंय, पण वरवर वाचून निघण्यासारखं हे ठिकाण नाहीये. माझं सांगणं तसं एकच आहे, बाकी सगळं त्याच्या पोटात येतं: नुसतं फिरायला म्हणून जाऊ नका, घरातून निघतानाच एक नाव ठरवा आणि त्या एका नावापाशी जाऊन थांबा.

आधी हे कळू दे की तिथे कोण आहे

ही सिमेट्री कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन सांभाळतं. पहिलं महायुद्ध चालू असतानाच 21 मे 1917 ला ही संस्था सुरू झाली, तेव्हा नावात कॉमनवेल्थच्या जागी इंपीरियल होतं, 1960 मध्ये बदललं. दोन्ही महायुद्धांत गेलेल्या सुमारे 17 लाख माणसांची नोंद त्यांच्याकडे आहे. त्यांचा नियम असा की साहेब असो नाहीतर साधा शिपाई, श्रीमंताघरचा असो की गरिबाचा, दगड सगळ्यांना सारखाच.

खडकीत दुसऱ्या महायुद्धातल्या 1,668 कबरी आहेत. हे लोक काही खडकीत लढून मेलेले नाहीत, हे लक्षात घ्या. पश्चिम आणि मध्य भारतात छावण्यांत, हॉस्पिटलांत जे गेले आणि ज्यांना तिथल्या तिथे पुरलेलं होतं, त्या जागांची कायमची देखभाल होईल याची खात्री नव्हती म्हणून त्यांना इथे एकत्र आणलं. बर्माच्या आघाडीसाठी आलेले पूर्व आणि पश्चिम आफ्रिकेतले सैनिकही होते, त्यांचीही आठवण इथे राखलेली आहे, ती चुकवू नका.

आणि गेटमधून आत गेलं की अगदी समोर जे मोठं स्मारक दिसतं ते पहिल्या महायुद्धाचं, 1914 ते 1918. त्यावर 1,800 पेक्षा जास्त नावं आहेत, हिंदुस्थानात मेले आणि ज्यांच्या कबरी आजच्या भारत-पाकिस्तानातल्या जुन्या छावण्यांच्या स्मशानांत सांभाळणं पुढे शक्य राहिलं नाही त्यांची. त्यातली 629 माणसं मुंबईच्या शिवडीच्या दफनभूमीतून 1962 मध्ये इथे आणली. मला हे कळलं तेव्हा मी थबकलेच, कारण मेसोपोटेमियातून, म्हणजे आजच्या इराकमधून, जखमी आणि आजारी सैनिकांची हॉस्पिटल जहाजं मुंबईलाच लागायची. म्हणजे ज्या लढाईत आमचे पणजोबा तिकडे राहिले, त्याच लढाईतून निघालेली काही पोरं मुंबईपर्यंत पोचली, इथे गेली, शिवडीत पुरली गेली आणि 46-47 वर्षांनी पुन्हा उचलून खडकीत आणली गेली.

मग आपली माणसं कुठे

हिंदू आणि शीख सैनिकांना अग्नी द्यायचा, त्यामुळे कबर नाही. मुसलमान आणि ख्रिस्ती सैनिकांच्या कबरी काही ठिकाणी आहेत, पण ज्यांचं शेवटी काय झालं तेच कळलं नाही असेही हजारो, सगळ्याच धर्मांचे. अशांची नावं स्मारकांवर जातात, आणि ती स्मारकं लढाई झाली त्या मुलखात असतात. घरातला माणूस कोणत्या साली आणि कोणत्या आघाडीवर गेला एवढं कळलं तरी अर्धं काम झालं. 1914-15 मध्ये फ्रान्सला गेला असेल तर न्यूव्ह शापेलचं स्मारक, तिथे 4,700 पेक्षा जास्त हिंदी सैनिकांची नावं आहेत. मेसोपोटेमिया असेल तर बसरा मेमोरियल. दुसऱ्या महायुद्धात इटली असेल तर तिथलं कसिनो मेमोरियल, बर्मा असेल तर रंगून मेमोरियल, मलाया-सिंगापूर असेल तर क्रांजी. दिल्लीच्या इंडिया गेटवर 13,000 हून जास्त नावं आहेत, पण तिथेच सगळे असतील असं समजून बसू नका, ही चूक बरेच जण करतात.

रायगडमधल्या लोकांना हे पटकन समजतं कारण त्यांच्यापुढे उदाहरण आहे. नाईक यशवंत घाडगे, माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे, मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनचे. 10 जुलै 1944 ला इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात पडले, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं शौर्याचं सगळ्यात मोठं पदक, मिळालं. त्यांचा पुतळा माणगावला आहे, पण कबर कुठेच नाही, नाव कसिनोच्या स्मारकावर.

कोकणातल्या लोकांसाठी अजून एक गोष्ट, कारण आपण सैनिक म्हटलं की फक्त पलटण बघतो. बोटीवर खलाशी म्हणून गेलेले, बोट बुडाली आणि परत आले नाहीत, असे कितीतरी. त्यांचीही युद्धातली नोंद आहे आणि तिचं ठिकाण मुंबईतच, मशीद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये. घरात कुणी "बोटीवर गेला तो गेलाच" असं सांगत असतील तर शोध तिथून सुरू करा.

1947 नंतरच्या शहिदांसाठी मात्र दिल्लीचं नॅशनल वॉर मेमोरियल, 25 फेब्रुवारी 2019 ला खुलं झालं ते, तिथल्या त्याग चक्रात ग्रॅनाइटच्या विटांवर एकेक नाव आहे. पुण्यात घोरपडीच्या बाजूला सदर्न कमांडचं स्मारक आहे ते लोकवर्गणीतून झालेलं, तेही बघण्यासारखं आहे, पण त्यावर वेगळंच लिहावं लागेल.

घरातली शोधाशोध

कॉम्प्युटर उघडायच्या आधी घर उपसा. पत्र्याच्या ट्रंका, माळा, देवघर. हो, देवघर. आमच्या आजीच्या देवघरात अन्नपूर्णा, बाळकृष्ण, कुलदैवताचे टाक आणि त्यांच्या मागे भिंतीला टेकवलेली एक गोल जाड थाळी होती, तळहातापेक्षा मोठी, वजनदार. तिच्यावर एक बाई उभी, हात पुढे केलेला, आणि पायाशी सिंह. आजी तिला सिंहवाली देवी म्हणायची, तिच्या सासूपासून चालत आलेली, रोज हळदकुंकू, नवरात्रात माळ. मी लहानपणी तिला नमस्कार करूनच शाळेत जायचे.

ती देवी नव्हती. ते ब्रिटिश सरकारने पहिल्या महायुद्धात मेलेल्या प्रत्येक माणसाच्या घरी पाठवलेलं काशाचं पदक होतं, साधारण 12 सेंटिमीटर व्यासाचं. ती बाई म्हणजे ब्रिटानिया. कडेने इंग्रजीत कोरलेलं असतं की हा स्वातंत्र्य आणि सन्मान यांसाठी मेला, आणि बाजूला एका चौकटीत नाव. फक्त नाव, हुद्दा नाही, नंबर नाही, पलटण नाही, कारण सगळे सारखे. आमच्या थाळीवरचं नाव शंभर वर्षांच्या कुंकवाने आणि पुसण्याने गुळगुळीत झालं होतं. लेकीने वर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी घासली तेव्हा आडनावाचा शेवट तेवढा उमटला. आजी तोवर राहिली नव्हती. मला वाईट वाटलं नाही खरं सांगायचं तर, कुणाचं नाव इतकी वर्षं रोज पुजलं गेलं, न कळता का होईना.

असं काही सापडलं तर चिंच-लिंबू-रांगोळीने घासू नका, उरलंसुरलं नाव पण जाईल. मऊ कापडाने पुसा आणि बाजूने टॉर्च मारून फोटो काढा, आडव्या उजेडात झिजलेली अक्षरं उठून दिसतात.

वाटोळी पदकं असतील, रिबिन कुजलेली वगैरे, तर त्यांची कड बघा. पदकाच्या दर्शनी बाजूला नाव नसतं, जाडीवर बारीक अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. ही सगळ्यात पक्की माहिती. इथे एक अडचण येते, पहिल्या महायुद्धातले पलटणींचे आकडे 1922 मध्ये बदलले. 103 नंबरच्या मराठा पलटणीची झाली पाचव्या मराठा रेजिमेंटची पहिली बटालियन, 105 ची दुसरी, 110 ची तिसरी, 117 ची पाचवी. त्यामुळे घरात कुणी "तिसरी मराठा" म्हणत असेल आणि पदकावर 110 असेल तर गोंधळू नका, एकच आहे.

गावातही बघा. चावडीच्या नाहीतर जुन्या शाळेच्या भिंतीत संगमरवराची एक पाटी असते, या गावातून इतके पुरुष 1914 ते 1919 च्या महायुद्धात गेले, त्यातल्या इतक्यांनी प्राण दिले. सातारा-रत्नागिरीकडे अशा पाट्या आहेत, कितीतरींवर चुन्याचे हात बसलेत. साताऱ्याजवळच्या अपशिंग्यातून पहिल्या महायुद्धात 46 जण गेले ते परत आले नाहीत, त्या गावाच्या नावातच मिलिटरी लागलं. या पाट्यांवर आकडा असतो, नावं नसतात. पण आकडा जरी मिळाला तरी गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारायला धागा मिळतो, कुणाकुणाच्या घरचे होते ते चार, असं.

आता वेबसाइटवर

कमिशनच्या साइटवर मृतांची यादी शोधता येते, फुकट आहे. आडनाव टाका, युद्ध निवडा, सैन्यात इंडियन आर्मी निवडा आणि शोधा. पहिल्या फटक्यात सापडलं तर नशीब समजा, कारण ही नावं लिहून घेतली गोऱ्या किंवा परप्रांतातल्या कारकुनांनी, ऐकू आलं तसं. पवार कधी पी-ओ ने, जाधवच्या शेवटी व्ही ऐवजी ओ, सावंत एस-ए-व्ही ने, शिंदेतला एच गायब. तेव्हा:

आडनाव चार-पाच स्पेलिंगांनी टाकून बघा, सगळी कागदावर लिहून एकेक खोडत जा नाहीतर तीच तीच परत टाकाल.

आडनावाने नाहीच आलं तर पहिलं नाव आडनावाच्या रकान्यात टाका. तेव्हाच्या पुष्कळ नोंदींत नुसतं पहिलं नावच मुख्य नाव म्हणून धरलंय.

तेही नाही झालं तर उलट्या बाजूने या, स्मारक निवडा, पलटण निवडा आणि पूर्ण यादी वाचा. कंटाळवाणं आहे पण मला असंच सापडलं, रात्री अकरा वाजता, 117 मराठाच्या यादीत. जास्तीच्या माहितीत वडिलांचं नाव आणि गाव असतं, आमच्या गावाचं नाव असं काही लिहिलं होतं की मोठ्याने तीनदा म्हटल्यावर कळलं. तारीख 1916 च्या पावसाळ्यातली.

सापडलं की नोंदीचा नंबर, तारीख, स्मारकाचं नाव आणि पॅनल लिहून घ्या, साइटवरून त्या नावाचं प्रमाणपत्रही उतरवून घेता येतं, प्रिंट काढून फ्रेम करा.

त्या 1916 च्या तारखेचा अर्थ मला नंतर लागला. 103, 110 आणि 117 या तिन्ही मराठा पलटणी सहाव्या, म्हणजे पूना डिव्हिजनमध्ये होत्या. नाव बघा, पूना. हीच डिव्हिजन मेसोपोटेमियातल्या कुत-अल-अमाराला 7 डिसेंबर 1915 पासून 29 एप्रिल 1916 पर्यंत वेढ्यात अडकली, दाणागोटा संपला, शेवटी घोडी खाल्ली, आणि साधारण 13,000 माणसं तुर्कांच्या हाती लागली. पुढे त्यांना वाळवंटातून चालवत नेलं, भर उन्हाळ्यात. पणजोबा त्या चालण्यात गेले. घरात फक्त एवढंच सांगत की बसऱ्याला गेले.

नाव दगडावर नसलं तर

हे लिहिताना अजूनही हात थांबतो. बसरा मेमोरियलवर 40,000 हून जास्त लोकांची नोंद आहे, पण 1929 मध्ये ते उभं केलं तेव्हा गोऱ्या सैनिकांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली आणि साध्या हिंदी शिपायांचा फक्त आकडा कोरला, अमुक पलटणीचे इतर इतके हिंदी सैनिक. नावं वहीत. म्हणजे गावातल्या पाटीवर आकडा आणि तिकडच्या दगडावरही आकडा. तो सारखा दगड, सारखा मान हा नियम सगळ्यांना लागला नाही हे कमिशनने स्वतःच्याच चौकशीत 2021 मध्ये कबूल केलं, माफी मागितली. निदान 1,16,000 माणसं, बहुतेक पूर्व आफ्रिका आणि इजिप्तमधली, नावाने नोंदलीच गेली नव्हती असा त्यांचाच अंदाज.

आणि ते स्मारक आता मूळ जागीही नाही. 1997 मध्ये सद्दाम हुसेनच्या हुकुमाने बसऱ्याच्या गोदीजवळून हलवून नासिरियाच्या रस्त्याला 32 किलोमीटरवर नेलं. आपण उठून जावं अशी ती जागा नाही. म्हणून मी खडकीला जाते. त्याच लढाईतून आलेली माणसं तिथे आहेत, रिक्षाच्या अंतरावर.

खडकीसाठी नाव कसं ठरवायचं

त्याच साइटवर सिमेट्री म्हणून कर्की (Kirkee) निवडा, खडकीचं जुनं इंग्रजी स्पेलिंग, त्याशिवाय सापडणार नाही. यादी येते. त्यातून तुमच्या घराशी कुठेतरी जोडलेलं एक नाव घ्या. मी घेतलेलं नाव पूना डिव्हिजनमधल्याच एका गोऱ्या पलटणीतल्या शिपायाचं आहे, समोरच्या स्मारकावर कोरलेलं. लेकीने स्वतःचं वेगळं निवडलं, दुसऱ्या महायुद्धातला एकोणीस वर्षांचा मुलगा, कारण तिचा मामेभाऊ तेव्हा एकोणीसचा होता. गावावरून निवडा, वयावरून, तुमच्या वाढदिवसाच्या तारखेवरून, कसंही, पण एक निवडाच.

कबरीचा पत्ता तीन भागांत असतो, आधी प्लॉटचा आकडा, मग ओळीचं अक्षर, मग कबरीचा आकडा. 4, सी, 7 म्हणजे चौथ्या प्लॉटमधली सी ओळ, सातवी कबर. हे कागदावर लिहून न्या, मोबाईलवर उन्हात दिसत नाही.

निघताना

मुळा रोडला, होळकर पुलाजवळ. शिवाजीनगरहून रिक्षाने लवकर पोचता, लोणावळा लोकलने येणारे खडकी स्टेशनला उतरतात. रिक्षावाल्याला वॉर सिमेट्री म्हणा, कळतं. उघडायची वेळ कमिशनच्या साइटवर त्याच पानावर बघून मगच निघा. सकाळी लवकर जा. एक तर ऊन, आणि दुसरं म्हणजे तिरपा उजेड असतो तेव्हा कोरलेली अक्षरं स्वच्छ वाचता येतात, भर दुपारी दगड नुसता पांढरा चमकतो. पावसाळा संपता संपता, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबर, मला सगळ्यात चांगला वाटतो. 11 नोव्हेंबर 1918 ला पहिलं महायुद्ध थांबलं, त्या तारखेच्या आसपास जगभर अशा ठिकाणी मानवंदनेचे कार्यक्रम होतात, तेव्हा शांतपणे वाचत बसायचं असेल तर तो आठवडा टाळा.

पाणी, टोपी, ओळखपत्र (कँटोन्मेंटचा भाग आहे, जवळ असू दे), वही, बारीक टोकाचं पेन. कपडे साधे. दगड जेमतेम 81 सेंटिमीटर उंच असतात, खालची ओळ वाचायला उकिडवं बसावं लागतं, तेव्हा ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी घडीचं स्टूल न्यावं, माझी आई नेते, कुणी काही म्हणत नाही. फुलं न्यायची तर सुटी न्या, मूठभर शेवंती पुरते.

आत गेल्यावर

चपला काढायच्या का, हे आपल्याकडे प्रत्येक जण विचारतो. तिथे तसा नियम नाही. पण माझी आई स्मारकाच्या पायऱ्यांशी काढतेच, तुम्हाला वाटलं तर काढा.

गेटमधून आत गेल्यावर लगेच ओळींत शिरू नका. पाच मिनिटं तिथेच उभं राहून सगळं एकदा नजरेखालून घाला, समोरचं पहिल्या महायुद्धाचं स्मारक, मोठा दगडी क्रॉस ज्यावर काशाची तलवार उलटी जडवलेली असते, आणि हिरवळीतल्या सारख्या सारख्या दगडांच्या ओळी. मग आपला प्लॉट शोधा. ओळींच्या मधून चाला, फुलझाडांच्या वाफ्यात पाय पडू देऊ नका, माळी लोक जिवापाड जपतात ती जागा.

आपल्या नावापाशी आलात की दगड वरून खाली वाचा. सगळ्यात वर पलटणीचं चिन्ह, मग सैनिकाचा नंबर, हुद्दा, नाव, पलटण, तारीख आणि वय. त्याखाली धर्माची खूण. आणि अगदी तळाशी, गवताला टेकलेली एक-दोन ओळी, त्या घरच्यांनी दिलेल्या असतात. मोजकीच अक्षरं द्यायची परवानगी होती, त्यात आई-बापांनी काय काय बसवलंय ते वाचताना वेळ लागतो, लागू द्या. लेकीच्या त्या एकोणीस वर्षांच्या मुलाच्या दगडावर घरच्यांनी त्याला ज्या लाडाच्या नावाने हाक मारायचे ते लिहिलंय. ती तिथे बसून मला म्हणाली, "आई, म्हणजे हे नाव फक्त घरच्यांना माहीत होतं ना?"

नाव मोठ्याने वाचा. लाज वाटते पहिल्यांदा, पण वाचा. काही दगडांवर नावच नसतं, फक्त सैनिक, आणि खाली इंग्रजीत लिहिलेलं की याचं नाव देवाला ठाऊक. तिथेही थांबा.

मग समोरच्या स्मारकाकडे. नावं पलटणीप्रमाणे लावलेली असतात, पलटणीत हुद्द्याप्रमाणे आणि मग एबीसीडीने, त्यामुळे पलटण माहीत नसेल तर शोधत बसाल. शिवडीहून आणलेले 629 जण याच स्मारकावर आहेत.

एवढं झालं की थांबा. सगळे 1,668 दगड वाचायचा हट्ट धरू नका, मी पहिल्यांदा तेच केलं होतं, आणि घरी आल्यावर त्यातलं एकही नाव आठवत नव्हतं.

हे करू नका

दगडावर हळदकुंकू लावू नका. मी ज्या घरातून येते तिथे हाच पहिला नमस्कार, म्हणून मुद्दाम लिहितेय. डाग निघत नाहीत, आणि आमच्या थाळीचं काय झालं ते वर सांगितलंय. उदबत्ती, तेलाचा दिवा, मेणबत्तीही दगडाला टेकवून नको, काजळी बसते. फुलं पायथ्याशी ठेवा, हार दगडावर घालू नका. अक्षरं दिसत नाहीत म्हणून खडू, पीठ, शेव्हिंग फोम चोळणारे लोक आहेत, कृपा करून नको. खिशातला छोटा आरसा काढून बाजूने उजेड पाडा, तेवढ्याने दिसतं.

फोटो काढा, पण कबरींचे आणि नावांचे. बाहेर पडलात की आजूबाजूला लष्करी हद्द आहे, तिथे कॅमेरा बंद, ड्रोनचा तर विचारही नको. आणि प्री-वेडिंग शूट. हिरवळ छान आहे, मला मान्य आहे. पण त्या ओळींत विशी-बाविशीतली मुलं आहेत ज्यांची लग्नं व्हायची राहिली, तिथे लेहंगा पसरून बसू नका.

डबा आत उघडू नका. जेवण बाहेर.

मुलं बरोबर असतील तर

नेऊ नये असं म्हणणारे भेटतात, मी नेते. दहा वर्षांच्या पुढची मुलं असतील तर त्यांना एक काम द्या, आपल्या ठरवलेल्या नावाचं जन्मसाल काढायला सांगा, तारखेतून वय वजा. मग विचारा की तो तुझ्याएवढा होता तेव्हा कोणतं साल होतं, त्याची शाळा कुठे असेल. एवढ्याने मुलं गप्प होतात आणि आपणहून प्रश्न विचारायला लागतात. लढाईची गोष्ट रंगवून सांगायची गरज पडत नाही. लहान असतील तर अर्धा तास पुरे.

निघताना वही

कमिशनच्या सिमेट्र्यांत नावांचं रजिस्टर आणि भेट देणाऱ्यांची वही ठेवलेली असते. वहीत तारीख, नाव, गाव आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. लोक तिथे व्हेरी पीसफुल, नाइस प्लेस असं लिहून जातात. तुम्ही ज्याच्यासाठी आलात त्याचं नाव लिहा, आणि घरचा कुणी दूर राहिलेला असेल तर त्याचंही, मराठीत लिहिलं तरी चालतं. आम्ही दर वेळी दोन नावं लिहितो, त्या गोऱ्या शिपायाचं आणि खाली पणजोबांचं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट, आणि पुढे 117 मराठा, बसरा, मग आमचं गाव, यादीतलं नाही, बरोबर स्पेलिंगचं. मागच्या खेपेला लेकीने लिहिलं, जागा कमी पडली आणि गावाचं नाव ओळीबाहेर गेलं. रकाना छोटा असतो, म्हणून म्हटलं पेन बारीक टोकाचं न्या.